गाण्याचा डबा

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. कांताबाईंनी जो घेतला तो फोन नव्हता. त्याला फोनसारखी काच होती, फोनसारखं बटन होतं, तो फोनच्या दुकानातून फोनच्याच खोक्यात बसून आला होता, आणि कुणालाही दाखवला तरी तो त्याला फोनच म्हणाला असता. पण जगाचं काय, जग कशालाही काहीही म्हणतं. कांताबाई त्याला गाण्याचा डबा म्हणत. आणि कांताबाई ज्याला जे म्हणतील तेच त्याचं नाव, हा त्यांच्या गल्लीतला चाळीस वर्षांचा कायदा होता.

कायद्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांचा दुसरा कायदाही सांगायला हवा, कारण सगळी भानगड त्यातूनच झाली. गल्लीच्या टोकाला बुद्धविहार. तिथं दर रविवारी महिला मंडळाची गाण्याची तालीम. दाराशी बांबूची टोपली. आत येणारीनं आपला फोन टोपलीत टाकायचा, आणि जिचा फोन तालमीत वाजेल तिनं सबंध विहार झाडायचा, पुसायचा, वर बाहेरचा ओटाही धुवायचा. हा कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच रविवारी ऐन गाण्यात यमुनाबाईंच्या पर्समधून एक बाई गोड आवाजात कर्ज देऊ लागली. यमुनाबाई म्हणजे शाळेच्या रिटायर हेडमास्तरीण. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना कोपऱ्यात उभं केलेलं. त्या दिवशी त्यांनी ते कोपरे झाडले. झाडताना एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हेच वाईट होतं. जी बाई बोलत नाही ती हिशेब ठेवते.

तिसरा कायदा कांताबाईंचा नव्हे, त्यांच्या सासूचा, थेट महूहून आलेला. गाताना एक बाई पुढची, बाकीच्या अकरा मागच्या. पुढचीनं ओळ म्हणायची, मागच्यांनी ती दोनदा म्हणायची. पुढची म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचं. का म्हणून विचारायचं नाही. एकदा एका नव्या सुनेनं मधेच थांबून "आई, इथं 'तो' की 'ती'?" असं विचारलं, तेव्हा कांताबाई म्हणाल्या होत्या, "बाळ, चूक झाली तर पुढचीची. तू मागची आहेस. मागच्या डब्यानं इंजिनला रस्ता विचारायचा नसतो."

चाळीस वर्षं कांताबाईच पुढची. शाळा दुसरी पास; तिसरीत नाव होतं, पण त्या नव्हत्या. सगळी गाणी सासूच्या तोंडून कानात घेतलेली. बाकीच्या बायका मांडीवर वही ठेवून गात; कांताबाईंच्या मांडीवर फक्त त्यांचे हात. "वहीत बघून गाणं म्हणजे चिठ्ठी वाचून भाजीत मीठ घालणं," असं त्या म्हणत, आणि यमुनाबाईंच्या लाल वहीकडे बघून म्हणत.

आणि यंदाच्या थंडीपासून कांताबाईंना दुसरं कडवं आठवेनासं झालं.

पहिलं कडवं पाण्यासारखं जाई. तिसरं, चौथंही येई. दुसरं मात्र फुगलेल्या लाकडी खणासारखं अडून बसे. सुरुवातीला त्यांनी खोकल्यावर निभावलं. मग "पाणी द्या गं" वर. मग ढोलकीवालीला म्हणाल्या, तू फार पुढं पळतेस. एक जुना टेपरेकॉर्डर होता, त्यावर सासूच्या आवाजातली टेप लावून त्या दुपारी एकट्या कडवी घोकत. तोही बंद पडला. यजमान चांगदेव पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात जन्मभर फिटर, त्यांनी तो खोलला, साफ केला, परत जोडला. चार स्क्रू उरले. चांगदेवांनी ते खिशात घातले आणि पेपर वाचायला बसले. टेप त्यानंतर चालू झाला, पण त्यातून गाणारी सासू नव्हती, विहिरीत पडलेली म्हैस होती.

बुद्धपौर्णिमेला तीन आठवडे राहिले तेव्हा यमुनाबाई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "कांताबाई, यंदा महूहून पाहुणे येणार. तुम्ही आता आराम करा. पुढचं मी बघते. वय होतं हो माणसाचं."

"माणसाचं होतं," कांताबाई म्हणाल्या. "माझं काय?"

शेवटी ठरलं असं: या पौर्णिमेला पुढची कांताबाईच. पण गाणं कुठं अडलं, तर पुढच्या रविवारपासून पुढची यमुनाबाई, आणि कांताबाई मागच्यांत, डावीकडून तिसऱ्या. डावीकडून तिसरी जागा खांबाच्या मागं येते.

घरी येऊन कांताबाईंनी सुनेला सगळं सांगितलं. सून प्रीती नागपूरची, इथं एका कॉलेजच्या ऑफिसात. तिला सांगण्याचं कारण एवढंच की चांगदेवांना सांगितलं असतं तर त्यांनी आणखी काहीतरी खोललं असतं.

प्रीती म्हणाली, "आई, साधा प्रीपेड स्मार्टफोन घेऊ. एकदम हलका. सिम काढून टाकायचं, फक्त गाणी ठेवायची. कानात एक तार लावा, पदरानं झाका. पुढची ओळ तुम्हाला कानात ऐकू येईल."

"फोन? मी? ती टोपली कुणी ठेवली ठाऊक आहे ना?"

"सिम नसलेला फोन म्हणजे फोन नसतोच, आई. गाण्याचा डबाच तो."

इथं ते नाव जन्माला आलं, आणि कांताबाईंचं मनही हलकं झालं. डबा न्यायला कायद्यात मनाई नव्हती.

बाजारात परेशभियाचं दुकान. कांताबाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "भिया, गाणी वाजवायचा दाखव. बोलायचा नको."

"माताजी, फोन तो बोलने के लिए ही होता है."

"तुझा असेल. मला मुका पाहिजे."

परेशभियानं सगळ्यात स्वस्त फोन काढला. तो सिमच्या कंपनीचाच, सिम आतच बसवलेलं. अडचण अशी की ते सिम चालू झाल्याशिवाय फोन उघडत नाही. आणि सिम चालू करायचं तर आधार पाहिजे, अंगठा पाहिजे.

"मतलब बोलायचं नाही म्हणून आधी बोलायची परवानगी काढायची?" कांताबाईंनी विचारलं.

"अब नियम है, माताजी."

नियमाला कांताबाई मान देत, स्वतः करत असल्यामुळे. त्यांनी अंगठा ठेवला. मशीन लाल. दुसरा ठेवला. लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. परेशभियानं मशीन शर्टाला पुसलं, कांताबाईंचं बोट पुसलं, शेवटी स्वतःचं कपाळ पुसलं.

"माताजी, आपके तो फिंगरप्रिंट ही नहीं हैं."

"चाळीस वर्षं राखेनं भांडी घासली. ठसे गेले मोरीतून. सरकारला हवेच असतील तर मोरीत शोधा म्हणावं."

मग दुसरा रस्ता निघाला, फोटोचा. फोटो काढताना माणूस जिवंत आहे हे मशीनला कळायला पाहिजे, म्हणून पापणी मिटायची. परेशभियानं मोबाइल कांताबाईंच्या तोंडासमोर धरला. "पलक झपकाइए, माताजी."

कांताबाई रोखून बघत राहिल्या.

"झपकाइए ना."

"परक्या बाप्याकडं बघून मी डोळा मिचकावू? भर बाजारात?"

"मिचकाना नहीं, झपकाना. दोनों आँख."

"एक काय नि दोन काय."

आता खरं सांगायचं तर पापणी ही अशी वस्तू आहे की दिवसभर आपोआप मिटते, पण कुणी मीट म्हटलं की तिला मान-अपमान सुचतात. कांताबाईंची तर पापणीसुद्धा कांताबाईंचीच. ती ढिम्म हलली नाही. मशीननं वाट बघितली आणि निकाल दिला. परेशभियानं तो खाली मान घालून वाचला: "जीवित व्यक्ति नहीं मिला."

अशा वेळी हमखास येतात ते चिंतामणराव आले. चिंतामणराव कांताबाईंच्याच वरच्या मजल्यावर राहतात, टेलिफोन खात्यातून रिटायर, म्हणून ज्या ज्या गोष्टीत तार असते किंवा नसते तीत त्यांचं मत असतं. "वहिनी! तुम्ही आणि फोन?"

"यजमानांसाठी," कांताबाई म्हणाल्या. प्रीतीनं पटकन मान हलवली. चांगदेव घरी होते, आणि तिथं असते तरी काही बोलले नसते. नवऱ्याचा हा उपयोग कांताबाई नेहमी करत.

"मग आधार तुमचा का?"

"त्यांचे ठसे अजून शाबूत आहेत. ते कशाला वाया घालवायचे?"

चिंतामणरावांना हे पटलं नाही, पण तेवढ्यात त्यांना शिंक आली. साधी नव्हे. खात्यात असताना त्या शिंकेनं लाइनी तुटत असं म्हणतात. कांताबाई दचकल्या, दोन्ही पापण्या मिटल्या, मशीन हिरवं झालं. सरकारदरबारी कांताबाई जिवंत ठरल्या त्या अशा, शेजाऱ्याच्या शिंकेवर. पुढं एक आकडा आला, तो प्रीतीच्या फोनवर. फोन घ्यायला फोन लागतो हे कांताबाईंना त्या दिवशी कळलं, आणि ज्यानं पहिला फोन घेतला त्यानं काय केलं असेल, हा प्रश्न त्यांनी घरी येईपर्यंत तीनदा विचारला.

घरी आल्यावर सिम काढलं. लगेच काचेवर लिहून आलं की सिम घाला, नाहीतर मी उघडणार नाही. घातलं. उघडला. कांताबाईंनी तो हातात घेतला न घेतला तोच तो थरथरला, आणि त्यांनी घाबरून हिरव्या गोळ्यावर बोट दाबलं.

"लक्ष्मणसेठ? देपालपुर से बोल रिया हूँ. लहसुन का क्या भाव चल रिया है?"

तो नंबर आधी कुणा लसणाच्या आडत्याचा होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी कांताबाईंना एवढंच कळलं की भर दुपारी एक परका माणूस त्यांच्या कानात लसूण विचारतोय.

"सडला!" त्या ओरडल्या.

"सड़ गया? कित्ता?"

"सगळा!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देपालपुराहून सतरा फोन आले. कुणी रडवेला, कुणी संतापलेला, एक म्हातारा नुसतंच "हे भगवान" म्हणून फोन ठेवणारा. चांगदेव पेपरमागं हलू लागले. ते हसत होते. संध्याकाळी प्रीतीनं काचेवरचं एक छोटंसं विमान दाबून दाखवलं. "हे पेटलं की फोन येत नाहीत, गाणी चालू राहतात."

"मी जन्मात विमानात बसले नाही," कांताबाई म्हणाल्या, "आणि हा आल्या आल्या बसला."

तर डबा आता खरोखर डबा झाला. राहिली तार. ती उजव्या कानात खोचून, केसांखालून, पदराआडून कमरेच्या बटव्यापर्यंत न्यायची. जिन्यात कांताबाई त्याचाच सराव करत होत्या आणि वरून चिंतामणराव उतरले.

"वहिनी, कानात काय हे?"

"मशीन." तोंडातून गेलं. "कानाचं."

चिंतामणरावांनी दुःखानं डोळे मिटले. त्यांना मात्र ते पटकन जमलं.

तासाभरात कांताबाई बहिऱ्या झाल्याचं सगळ्या गल्लीला कळलं. बहिरेपण वाईट असेल, पण बहिरं नसताना बहिरं होणं त्याहून वाईट. भाजीवाला घोसाळ्यांची हातगाडी सोडून जवळ आला आणि कानाशी तोंड नेऊन गरजला, "माताजी! गिलकी!! ताजी!!" समोरच्या घरातली सून इशाऱ्यांनी विचारू लागली, जेवलात का. चिंतामणराव लसणाचं कोमट तेल घेऊन आले, लसूण अचानक महाग झालाय असं ऐकलं होतं तरी शेजारधर्म म्हणून. कांताबाईंनी दुसरा कान पुढं केला. आणि तिसऱ्या दिवशी स्वतः यमुनाबाई आल्या, दारातूनच वर्ग भरवल्यासारख्या ओरडत.

"कांताबाई! ऐकू येत नाही म्हणे! मग पुढची कशी होणार!"

"ऐकू यावं म्हणून तर मशीन लावलंय!" कांताबाईही ओरडल्या, कारण समोरचा ओरडला की आपणही ओरडतो. "आता सगळं ऐकू येतं! तुम्ही मागं बेसूर गाता तेही!"

यमुनाबाई गेल्या. पण एक काम झालं. आता कानात तार घालून कांताबाई राजरोस विहारात जाऊ शकत होत्या. औषधपाण्याची वस्तू टोपलीत टाकायला कोण सांगणार?

प्रीतीनं गच्चीवर नेऊन, मंडळातल्या एकीच्या वहीत बघून एकेक ओळ सांगून, सगळं गाणं कांताबाईंच्याच आवाजात डब्यात भरलं. छान झालं. मग घरी तालीम घेतली. कांताबाई पुढची, प्रीती आणि चांगदेव मागचे. पहिली ओळ झाली. मागचे दोघं ती दोनदा म्हणू लागले, चांगदेव ढोलकीऐवजी ताट बडवत. तोवर डबा कानात तिसऱ्या ओळीवर पोचला. डब्याला सासूचा कायदा ठाऊक नव्हता. तो आपला एकटाच गात सुटला. मागचे पहिल्या कडव्यात आणि पुढची चौथ्यात, अशी अवस्था झाली तेव्हा प्रीती म्हणाली, "आई, मधे जागा सोडायला हवी. एक ओळ म्हणायची, मनात मागच्यांच्या दोन ओळी होऊ द्यायच्या, मग पुढची. उद्या तुम्हीच भरा. डब्यात आज भरलेलं गाणं ऐकत जा, आणि माझ्या जुन्या फोनवर हे लाल बटन दाबून म्हणत जा. संध्याकाळी मी ते डब्यात घालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीती कामाला गेली, तेव्हा कांताबाईंनी ओट्याशी उभं राहून लाल बटन दाबलं.

"आली वैशाखी पुनव, चला विहाराला गं," त्यांनी म्हटलं. आणि मागच्यांसाठी जागा सोडली.

पण रिकामी जागा ही वस्तू कांताबाईंना कधीच सोसलेली नाही. रिकामं ताट दिसलं की त्या वाढतात, रिकामा खिळा दिसला की पिशवी अडकवतात. समोर एवढी रिकामी जागा आणि आपण नुसतं उभं राहायचं? त्या जागेत त्यांनी घर चालवलं. चांगदेवांना सांगायचं ते सांगितलं, दुधाला म्हणायचं ते म्हटलं, डोक्यात होतं तेही भांडी आपटत मोकळं केलं, आणि बरोबर वेळेवर पुढची ओळ उचलली. चाळीस वर्षांची पुढची ती. ताल कुठं एक मात्रा चुकला नाही. बोलणंसुद्धा तालातच आलं.

प्रीतीनं संध्याकाळी ऐकलं आणि म्हणाली, "आई, मधे तुम्ही बरंच काही..."

"त्या वेळी मागच्या गात असतात. कोण ऐकतंय? मीच ना? माझं मी ऐकलेलंच आहे."

आणि ते खरं निघालं. रविवारच्या तालमीत कांताबाईंनी ओळ म्हणावी, मागच्यांनी दोनदा म्हणावी, तेवढ्या वेळात कानात दूध उतू जावं, आणि पुन्हा त्यांची पाळी आली की पुढची ओळ हजर. दुसरं कडवं तर असं आलं, की यमुनाबाईंनी लाल वहीत दोनदा बोट ठेवून बघितलं. कांताबाई घरी आल्या त्या अर्धी वीत उंच होऊन.

पौर्णिमेला विहार भरला. पांढऱ्या साड्यांच्या बारा जणी मांडी घालून, कांताबाई पुढं, पदराआड तार, कमरेला डबा, डबा विमानात. चांगदेव दुसऱ्या रांगेत. माइकवर चिंतामणराव. महूचे पाहुणे अजून आले नव्हते, पण मुहूर्त पाहुण्यांचा नसतो म्हणून गाणं सुरू झालं. कांताबाईंनी बटव्यात बोट दाबलं, डोळे मिटले.

"आली वैशाखी पुनव, चला विहाराला गं."

मागच्यांनी दोनदा.

"लावा एकेक पणती दारादाराला गं."

मागच्यांनी दोनदा म्हटली, दोन ओळींचं पहिलं कडवं संपलं, आणि त्याच क्षणी दारात पाहुणे आले. मोठे गृहस्थ, पांढरा कुर्ता, बरोबर चारजण. चिंतामणरावांनी माइक सोडून दोन्ही हात हवेत फिरवले: चालू राहू द्या, तीच ओळ, पाहुणे बसेपर्यंत! यमुनाबाईंनी मागून इशारा घेतला आणि अकराजणींनी तीच ओळ आणखी दोनदा म्हटली.

दोनदाच. पण डबा पाहुण्यांसाठी थांबत नाही. त्या दोनदात कानातली पुढची ओळ येऊन गेली, आणि पाहुणे टेकले, मागच्या थांबल्या, सगळा विहार कांताबाईंच्या तोंडाकडं बघू लागला, तेव्हा कानात जागा सुरू झाली होती.

डोळे मिटलेले, तोंड सवयीचं. कानात आलं ते गळ्यातून गेलं, भरल्या आवाजात, चालीत:

"अहो, बनियन उलटी घातली, सरळ करून घाला हो!"

क्षणभर ढोलकी अडखळली. पण पुढची म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचं. का म्हणून विचारायचं नाही. पांढऱ्या साडीतल्या अकराजणी पाहुण्यांकडं तोंड करून गंभीरपणे गाऊ लागल्या: "अहो, बनियन उलटी घातली, सरळ करून घाला हो! अहो, बनियन उलटी घातली..."

चांगदेवांनी मान वाकवून कॉलरच्या आत बघितलं. महूच्या पाहुण्यांनीही, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, बघितलं.

कांताबाईंचे डोळे उघडले. कानात आता खरी ओळ वाजत होती, पण मागच्या गात असताना तिचा काय उपयोग? त्यांची पाळी येईतो ती गेली, आणि डोक्यात दुसऱ्या कडव्याच्या जागी नेहमीचा अडलेला खण. थांबायचं? थांबलं की खांबामागची तिसरी जागा. कांताबाईंनी छाती भरली.

"दुधावरती लक्ष नाही, उतू गेलं, गेलं गं!"

मागच्यांनी दोनदा. दुसऱ्यांदा समोरच्या बायकाही म्हणू लागल्या, कारण हे सगळ्यांना पाठ होतं. टाळ्यांचा ठेका लागला. भंतेजी डोळे मिटून बसले होते. ओठ मात्र ध्यानात असल्यासारखे वाटत नव्हते. कांताबाईंना जरा धीर आला. धीर आला की माणूस पुढं काय आहे ते बघत नाही.

"यमुनाबाईंचा आवाज म्हणजे फुटक्या घागरीचं पाणी गं!"

अकराजणींनी म्हटलं. त्या अकरांत यमुनाबाई होत्या. शिस्तीची बाई, पहिल्या खेपेला अगदी खणखणीत म्हणून गेल्या. दुसऱ्या खेपेला 'फुटक्या'पाशी थांबल्या. बाकीच्या दहाजणींनी घागर पुरी केली.

यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. लाल वही मिटली. आणि मागचीनं कधी उचलायची नसते ती ओळ त्यांनी उचलली, त्याच चालीत:

"पुढच्या बाई कानामध्ये काय लावून गाता गं?"

मागच्या गोंधळल्या. पण उभी राहून म्हणते ती पुढचीच असणार. त्यांनी दोनदा म्हटलं. सगळा विहार कांताबाईंच्या कानाकडं बघू लागला. कांताबाईंनी तार खेचली, तारेबरोबर बटव्यातून डबा बाहेर आला आणि सगळ्यांसमोर पदराला लोंबकळू लागला. आता डबा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. पण कान मोकळा झाला, आणि मोकळ्या कानावर कांताबाई काही कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या.

"भर गाण्यात कर्ज घेऊन झाडू कुणी मारला गं?"

हशा उठला. मागच्या दोनदा.

"टोपलीवाल्या बाईंनी आता केरसुणी घ्या हाती गं!"

"घेईन केरसुणी हाती, वही नाही घेणार गं!"

"दुसरं कडवं विसरलात, वहीनं काय घोडं मारलं गं?"

मागच्यांनी हे दोनदा म्हटलं. दोनदा, सगळ्या विहारासमोर, महूच्या पाहुण्यांसमोर. जे कांताबाईंनी थंडीपासून खोकल्याखाली, पाण्याखाली, पदराखाली झाकलं होतं ते अकरा गळ्यांतून बाहेर पडलं. ढोलकी हळू झाली. प्रीतीनं मान खाली घातली. कांताबाई यमुनाबाईंकडं बघत राहिल्या, पापणी न हलवता, आणि मग त्यांचा आवाज लागला, त्या दिवसातला सगळ्यात वरचा:

"कडवं विसरले बाई मी, भांडण नाही विसरले गं!"

विहार उठून उभा राहिला. ही ओळ मागच्यांनी दोनदा नव्हे, सहादा म्हटली, आणि त्यातला एक आवाज, फुटक्या घागरीचा असो की कशाचा, यमुनाबाईंचा होता.

नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईंनी पदर खोचून सबंध विहार झाडला, पुसला. ओटा धुवायला बाहेर आल्या तर पायरीवर यमुनाबाई बसलेल्या, मांडीवर लाल वही.

"तो कोपरा राहिला," यमुनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही झाडलात तेव्हापासून राहिलाय."

यमुनाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "महूचे पाहुणे काल जाताना मला भेटले. त्यांना वाटलं आपलं ठरवून बसवलेलं होतं. पुढच्या महिन्यात तिकडं बोलावलंय. दोघींना. म्हणाले, असा सवाल-जवाब बरेच दिवसांत ऐकला नाही."

कांताबाईंनी बादली ठेवली. "दोघींना? मग पुढची कोण?"

"दोन्ही पुढच्या. मागच्यांनी दोघींचं म्हणायचं."

"हं." कांताबाईंनी ओट्यावर पाणी ओतलं, यमुनाबाईंच्या पायापर्यंत जाईल असं. यमुनाबाईंनी पाय वर घेतले.

"खरंच आठवत नाही का हो दुसरं कडवं?"

"खरंच नाही."

"मला पाठ आहे. पण वही नसली की माझे हात कापतात," यमुनाबाई म्हणाल्या. आणि लगेच, "हे तुम्ही महूला गाऊ नका."

"बघू."

यमुनाबाईंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "चला, मग लिहून घेऊ. पहिली ओळ तुमची, उत्तर माझं, असं ओळीनं..."

कांताबाईंनी केरसुणी आडवी करून वही मिटवली.

"लिहू नका. लिहून ठेवलेलं भांडण शिळं होतं."